बार्बाडोसले वर्षभर राह्याचं हाय, बिनव्हिसा ९० दिवस का वेलकम स्टॅम्प?

संत्रापट्टा:
नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातला हाय मी, बाग संत्र्याची अन काम कॉम्प्युटरचं. अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम कॉन्ट्रॅक्टवर घरूनच करतो, म्हंजे रात्रभर जागाचं अन दिवसा झोपाचं, त्यात लाइन गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसलं की मोबाइलचा हॉटस्पॉट, अन मीटिंगमधी गोरा माणूस म्हनते आवाज येऊन नाही राह्यला. बायको कटाळली, पोरगी दुसरीत हाय तिले बाप फक्त झोपलेला दिसते. कंपनीवाल्यायनं सांगतलं की कोठूनही काम करा, पन आमच्या टायमात करा. मंग यूट्यूबवर बार्बाडोसचं पाह्यलं, कॅरिबियन बेट, वेस्ट इंडिजवालं. कोनी म्हनते भारतीयाले व्हिसाच लागत नाही, कोनी म्हनते वेलकम स्टॅम्प काढा अन वर्षभर राहा. खरं काय हाय? दुसरं म्हंजे माहा साळा, बारावी झाला, हॉटेल मॅनेजमेंटचा छोटा कोर्स केला, त्याले अमरावतीचा एक एजंट म्हनते साडेचार लाखात बार्बाडोसचा वर्क व्हिसा करून देतो, आधी फिराले जा, तेथं गेल्यावर कन्व्हर्ट होते. हे जमते का? अन तिसरं, मी वर्षभर बाहेर राह्यलो तर वावराच्या सातबाऱ्याले काही होते का, कारन शेजारचं दोन एकर घ्याचं बोलनं चालू हाय. ज्याले खरंच माहीत असन त्यानंच सांगजा, व्हिडिओच्या लिंका टाकू नका, लय पाह्यल्या.

पारावरचा_पंच:
वर्ल्ड कपच्या फायनलले सूर्यानं बॉंड्रीवर कॅच पकडला थे मैदान बार्बाडोसलेच हाय न भाऊ? २९ जून २०२४, केन्सिंग्टन ओव्हल, सात रनानं जितलो. व्हिसाचं आपल्याले काही समजत नाही, पन गेले तर तेथची माती कपायाले लावून येजा.

मोर्शीची_लेक:
दादा, मी तुमच्या शेजारचीच, मोर्शीची, आता टोरांटोत असते. नवऱ्याचं काम घरून होतं म्हणून मागे आम्ही वेलकम स्टॅम्पवर बार्बाडोसला राहून आलो, पासपोर्ट दोघांचेही भारतीयच, म्हणून लिहिते.

बिनव्हिसावालं खरं आहे. भारतीय पासपोर्टवर फिरायला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, विमानतळावर परतीचं तिकीट, राहायचा पत्ता आणि खर्चाला पैसे आहेत का एवढं विचारतात, निघायच्या आधी एक फॉर्म ऑनलाइन भरून ठेवायचा असतो. मुदत वाढवून पाहिजे असेल तर तिथल्या इमिग्रेशनकडे अर्ज करता येतो पण देणं न देणं त्यांच्या मर्जीवर, त्या भरवशावर पोरीची शाळा सोडवून जाऊ नका. तुम्हाला वर्षभर राहून रोज कामच करायचं आहे तर तुमच्यासाठी स्टॅम्पच.

वेलकम स्टॅम्प म्हणजे बाहेरच्या कंपनीचं काम ऑनलाइन करत तिथं राहायचा परवाना, तो त्यांनी जुलै २०२० मध्ये काढला, कोविडमध्ये टुरिस्ट बंद झाले आणि हॉटेलं, भाड्याची घरं सगळी रिकामी पडली म्हणून, मिया मॉटली तेव्हाही पंतप्रधान होत्या. बारा महिन्यांचा असतो, नंतर पुन्हा अर्ज करता येतो. मुख्य अट एकच, तुमची कमाई बार्बाडोसच्या बाहेरून यायला पाहिजे आणि पुढच्या बारा महिन्यांत निदान ५०,००० अमेरिकन डॉलर मिळतील असं तुम्ही लिहून द्यायचं. रुपयात चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या घरात जातं ते, तेव्हा आधी तुमचा आकडा बघा, बाकीचं सगळं त्याच्यानंतर. फी एकट्याला २,००० डॉलर, कुटुंबाला मिळून ३,०००, म्हणजे बायको-पोरगी धरून तीनच हजार. अर्ज पूर्ण ऑनलाइन, फोटो, पासपोर्टचं पान, नात्याचे कागद, आणि तिथं असेपर्यंत हेल्थ इन्शुरन्स पाहिजेच. तुमचं लग्नाचं सर्टिफिकेट ग्रामपंचायतीचं असेल, पोरीचा जन्मदाखला मराठीतला असेल तर इंग्रजी प्रत आत्ताच काढून ठेवा, आणि पासपोर्टवर बायकोचं नाव माहेरचं आणि दाखल्यावर सासरचं असं असेल तर ते आधी नीट करून घ्या, आपल्याकडं निम्म्या घरात हाच घोळ असतो.

स्टॅम्पवर असताना तिथल्या कोणाकडं नोकरी करता येत नाही, आणि तुमच्या बाहेरच्या पगारावर बार्बाडोस इन्कम टॅक्स लावत नाही. पोरगी शाळेत जाऊ शकते, भाषा इंग्रजी, पण लोकांची घरची बोली बेजन, ती पहिले काही आठवडे डोक्यावरून जाते.

आता तुमच्या झोपेचं. भारतापेक्षा साडेनऊ तास मागे आहे ते बेट आणि घड्याळ उन्हाळा-हिवाळा बदलत नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा आणि तिथला टाइम एकच असतो, हिवाळ्यात न्यूयॉर्क एक तास मागे. म्हणजे सकाळी नऊला बसायचं, संध्याकाळी उठायचं आणि उजेड असतानाच समुद्रावर जायचं. आमच्या वर्षात मला खरा फायदा हाच वाटला, बाकी निळं पाणी वगैरे महिनाभरात सवयीचं होतं.

खर्च मात्र दाबून आहे. खाण्याचं बरंचसं सामान जहाजानं बाहेरून येतं, वर १७.५ टक्के व्हॅट. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन, हा भाव १९७५ पासून बांधलेला आहे, त्यामुळे पाटीवर किंमत दिसली की आधी ती कोणत्या डॉलरमध्ये आहे ते विचारा, घरभाड्याच्या जाहिरातीत तर हमखास. राहायला क्राइस्ट चर्च भागात बघा, बस सारख्या असतात. सरकारी निळी बस, पिवळ्या मिनीबस, आणि पांढऱ्या झेडआर व्हॅन, त्या म्हणजे आपली काळीपिवळीच, गाणं जोरात, माणसं कोंबलेली आणि हात दाखवला की थांबते. भाडं कुठंही जा साडेतीन बार्बाडोस डॉलर. नळाचं पाणी सरळ पिता येतं. मिक्सर आणि कुकरचा इंडक्शन नेऊ नका, तिथं करंट ११५ व्होल्टचा आणि पिना अमेरिकन, लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर चालतात.

आणि एक, हसू नका. मिलिटरीच्या छापाचे कपडे तिथं साध्या माणसाला घालायला कायद्यानं बंदी आहे, लहान पोरांनाही. आपल्या आठवडी बाजारातल्या निम्म्या पॅंटा त्याच असतात. बॅगेत एकही टाकू नका, टोपीसुद्धा.

संत्रापट्टा:
ताई लय उपकार झाले. पन्नास हजाराच्या वर जाते माहं, थोडंसंच पन जाते. कॉन्ट्रॅक्ट दर सहा महिन्यानं रिन्यू होते, त्यानं काही अडन का? अन घरी आता तिघायचं खानं पिनं, शाकाहारी हाय आमी, बायको अंड्याले बी हात लावत नाही.

मोर्शीची_लेक:
कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं असेल तर क्लायंटकडून एक पत्र घ्या की काम पुढे चालू राहणार आहे आणि वर्षाचे एवढे पैसे होतात. मागची रिन्यूअलं आणि बँक स्टेटमेंटही जोडा. कमाई काठावर आहे म्हणता तर इकडे लक्ष द्या.
खाण्याचं, तिथली माणसं मासेखाऊ, उडणारा मासा आणि कुकू हे त्यांचं राष्ट्रीय जेवण. कुकू म्हणजे मक्याचं पीठ भेंडी घालून घोटलेलं, ते नुसतं चालेल तुम्हाला. रोटी सगळीकडं मिळते पण आत काय भरलंय ते विचारून घ्या. सुरतेकडची गुजराती कुटुंबं तिथं पिढ्यांपासून दुकानदारी करून आहेत त्यामुळे डाळ, मसाले, आटा मिळतो, भाव बघून पोट भरतं एवढंच. तिखट तेवढं इकडून न्या.

तिकीट_खिडकी:
नागपूरला ट्रॅव्हलच्या धंद्यात आहे मी. सगळे "व्हिसा लागत नाही" एवढं ऐकून तिकीट काढायला येतात आणि तिथंच फसतात, कारण बार्बाडोसला लागत नसला तरी तिथं जायच्या रस्त्यात लागतो. भारतातून डायरेक्ट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी नाहीतर टोरांटो, यातलं एक दार ओलांडावंच लागतं बहुतेकांना.

अमेरिकेत ट्रान्झिट म्हणजे नुसतं गेटवर बसून राहणं असा प्रकारच नाही, विमान बदलायचं तरी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, त्यासाठी सी-१ (ट्रान्झिटचा) नाहीतर बी१/बी२ (धंद्याचा-फिरायचा) व्हिसा पाहिजे. बी१/बी२ चे इंटरव्ह्यू किती लांबतात ते सगळ्यांना माहीत आहे. कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा ४८ तासांपर्यंतचा, त्याची फी नाही, पण अर्ज करावाच लागतो. लंडनला एअरपोर्टच्या आतल्या आतच विमान बदलणार असाल तरी भारतीय पासपोर्टला डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर काही अटींवर सूट आहे. आता यातली गोम अशी की स्वस्त तिकीट शोधायच्या नादात लोक हीथ्रोला उतरतात आणि पुढचं विमान गॅटविकवरून घेतात, म्हणजे लंडन शहरातून जायचं, म्हणजे आतलं ट्रान्झिट चालत नाही, दुसरा व्हिसा लागतो. दोन वेगळी तिकिटं असली तर बॅगा घ्यायला बाहेर यावं लागतं, तेच पुन्हा. तिघांचं एकाच पीएनआरवर काढा, बॅग सरळ बार्बाडोसपर्यंत लागलेली पाहिजे, एअरपोर्ट एकच. नागपूरवरून दोहा, दोह्यावरून लंडन, लंडनवरून साधारण नऊ तास. कोणी दोनशे डॉलरनं स्वस्त दाखवलं तर आधी हे तिन्ही विचारा.

दुसरं, बुकिंगच्या वेळी डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक यात लोक गोंधळतात. डॉमिनिका छोटं, इंग्रजी बोलणारं, भारतीयांना व्हिसा नाही. डॉमिनिकन रिपब्लिक मोठा स्पॅनिश देश, तिथं व्हिसा लागतो, अमेरिका-कॅनडा-ब्रिटन-शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर टुरिस्टला सूट मिळते. डॉमिनिकातही रिमोटवाल्यांसाठी अठरा महिन्यांपर्यंतचा व्हिसा आहे, कमाईची अट तीच पन्नास हजाराची, फी कमी. अँटिग्वात दोन वर्षांचा मिळतो. पण डॉमिनिकाला मोठी विमानं उतरत नाहीत, आधी दुसऱ्या बेटावर जाऊन छोटं विमान पकडा, पोरीला घेऊन ते नको असं माझं मत.

आणि तिथं गेल्यावर शेजारच्या त्रिनिदादला एक चक्कर मारू असं सगळ्यांना वाटतं. जा, पण त्याआधी इथूनच यलो फीवरची लस घेऊन सर्टिफिकेट ठेवा. त्रिनिदाद भारताच्या यलो फीवरच्या यादीत आहे, तिथून येताना कार्ड नसेल तर इथं उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की जन्मभर चालते.

वर्धेचा_वाटाड्या:
भाऊ, साळ्याचं मी सांगतो. आमच्या गावच्या एका पोराले असंच "आधी टुरिस्ट, मग कन्व्हर्ट" म्हनून दुसऱ्या एका देशात पाठवलं होतं, पोरगं तेथं एका किचनमधी भांडे घासत होतं, पकडलं, अन परत पाठवलं. बापानं पऱ्हाटी इकून पैसे भरले होते. एजंट आजही बॅनर लावून हाय.

बार्बाडोसचा वर्क व्हिसा म्हंजे वर्क परमिट असते, अन त्याचा अर्ज तेथचा मालक करते, आपला एजंट नाही. मालकाले तेथच्या इमिग्रेशनले पटवून द्याव लागते की हे काम कराले तेथं योग्य माणूस भेटला नाही. अडीच-पावनेतीन लाख लोकायचं बेट, अर्धे हॉटेलाच्या धंद्यावर जगनारे, तेथं वेटरसाठी वरुडवरून माणूस बोलावनं कोन्या मालकाले परवडते? शेफबिफ असन, दहा वर्सं तंदूर सांभाळला असन तर गोष्ट येगळी. अन बिनव्हिसा ९० दिवस जे हाय ते फिरासाठी हाय, त्याच्यावर पगार घेतला की गुन्हा.

तुमी एक करा. ई-मायग्रेट म्हनून सरकारची वेबसाइट हाय, तेथं रजिस्टर एजंटायची यादी भेटते. त्यात याचं नाव अन लायसन नंबर हाय का पाहा. असला तरी कायद्यानं त्याले सर्विस चार्ज जास्तीत जास्त ३०,००० रुपये अन वरून जीएसटी एवढाच घेता येते. साडेचार लाख कायचे? हे त्याले तोंडावर इचारा, आवाज चढवू नका, फक्त इचारा अन त्याचं तोंड पाहा.

पारावरचा_पंच:
साडेचार लाखात एक जर्सी गाय, एक बोअर अन वरून साळ्याचं लगन होते बे.

अंबानगरी_सीए:
टॅक्स आणि जमिनीचं बोलतो, कारण इथं अर्धवट माहितीवर लोक फार उड्या मारतात. बार्बाडोस टॅक्स लावत नाही म्हणजे टॅक्सच नाही, असं समजू नका. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात, आणि कामासाठी गेलात, तर त्या वर्षापुरते तुम्ही अनिवासी ठरू शकता. म्हणजे ऑगस्टमध्ये निघून पुढच्या ऑगस्टमध्ये आलात आणि एप्रिलमध्ये निघून पुढच्या एप्रिलमध्ये आलात, हिशेब वेगळा लागतो, तारीख ठरवायच्या आधी कोणाला तरी दाखवा. शिवाय २०२० पासून एक कलम आलं आहे, भारतीय नागरिक असेल, परदेशातलं सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कोणत्याच देशात तो टॅक्सला पात्र नसेल तर भारत त्याला रहिवासी धरतो. तुमचे पैसे अमेरिकेतून येतात पण जीएसटी नंबर, फर्म, बँक सगळं वरुडचं असेल तर कोणतं उत्पन्न कुठलं यावर वाद होऊ शकतो. संत्र्याचं उत्पन्न शेतीचं, ते वेगळं.

सातबाऱ्याला काहीही होत नाही. वडिलोपार्जित वावर अनिवासी झालात तरी तुमचंच, वारसानं येणारंही येतं. अडचण नवीन घेण्यात आहे. अनिवासी भारतीयाला फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, शेतजमीन विकत घेता येत नाही, दरम्यानच्या काळात खरेदी केली तर ती फसते. म्हणून ते दोन एकर घ्यायचंच असेल तर निघायच्या आधी खरेदीखत करा, नाहीतर वडील शेतकरी आहेत, त्यांच्या नावावर होऊ द्या. आणि फेरफार, पीककर्ज, मोजणी यासाठी वडिलांना किंवा भावाला मुखत्यारपत्र द्या, ते इथंच दुय्यम निबंधकाकडं नोंदवून जा, तिकडून करायचं म्हटलं की वकिलातीचे शिक्के लागतात. वडिलांच्या पीएम-किसानची काळजी नको, त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं, तुमचा त्यांच्याशी संबंध येत नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर येत असेल तर ते आजच बंद करा, इन्कम टॅक्स भरणाऱ्याला ते नाहीच.

जंगल_सफारी_चंद्रपूर:
सीएसाहेब, मग तो पैसे भरून पासपोर्ट घ्यायचा प्रकार कसा आहे? माझ्या एका नातेवाइकाचं चाललं आहे, ग्रेनाडाचं.

अंबानगरी_सीए:
बार्बाडोसला तो प्रकार नाही. अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स, सेंट लुसिया हे पाच देश देतात, आणि २०२४ मध्ये चार देशांनी मिळून कमीत कमी रक्कम २ लाख अमेरिकन डॉलर ठरवली. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तो पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व त्याच क्षणी जातं, पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) घ्या, पण शेतजमीन विकत घेता येणार नाही ती नाहीच. ज्याची पन्नास एकर आहे त्यानं हे दहादा वाचावं.

मोर्शीची_लेक:
वादळाचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. बार्बाडोस सगळ्यांच्या पूर्वेला बाजूला आहे म्हणून पुष्कळदा वाचतं, २०२१ ला एल्सा आलं तेव्हा साठेक वर्षांनी, १९५५ च्या जॅनेटनंतर पहिल्यांदा खरं चक्रीवादळ धडकलं होतं. २०२४ ला बेरिल दक्षिणेकडून गेलं, मासेमाऱ्यांच्या बोटी फुटल्या, आणि वर्ल्ड कप जिंकलेली आपली टीमही एअरपोर्ट बंद असल्यानं हॉटेलातच अडकून बसली होती. घर घेताना खिडक्यांना शटर आहेत का आणि जनरेटर आहे का विचारा. डिसेंबरात जा, शाळेचं दुसरं सत्र जानेवारीत सुरू होतं, आणि उकाडाही कमी. तसा उकाडा तुम्हाला काय जाणवणार म्हणा, मेमधला विदर्भ काढलेल्या माणसाला तिथं एकतीस अंशाला लोक हाय हाय करतात ते बघून हसू येतं.

संत्रापट्टा:
सगळ्यायचे आभार. डिसेंबरचं जमते का पाहतो, तारखीचं सीएसाहेबायच्या म्हनन्यापरमानं एकडाव दाखवून घेतो. दोन एकराचं बाबाच्या नावानं करू असं बाबालेच सांगतलं, थे खुश. अमेरिकेचा व्हिसा माह्याजवळ नाही, म्हनून तिघायचा लंडनवालाच ट्रान्झिट काढतो. पन साळ्याचं एक सांगाचं राह्यलं, त्यानं एजंटले पन्नास हजार ॲडव्हान्स देल्ले अन पासपोर्ट बी त्याच्याजवळच ठेवला, आता तो फोन उचलून नाही राह्यला.

वर्धेचा_वाटाड्या:
पैसे मागाच्या आधी पासपोर्ट आना. पासपोर्ट सरकारची मालमत्ता हाय, दुसऱ्यानं दाबून ठेवनं गुन्हा हाय, हे एजंटले चांगलं माहीत असते. दोन मानसं सोबत न्या, पोलिसात जातो म्हना, बहुतेक तेवढ्यात देते. न देल्ला तर खरंच जा. पैसे फोनपेनं देल्ले असन तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, नगदी देल्ले असन तर पावती हाय का?

संत्रापट्टा:
अर्धे फोनपे, अर्धे नगदी. पावती नाही, डायरीत लिवून घेतलं म्हनते. मंगळवारी चाल्लो अमरावतीले.